मायच्या न्हाणीवरचं ड्रोन

ड्रोन हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की मला शिसारी येते. पूर्वी येत नव्हती. पूर्वी मीही टाळ्या वाजवणाऱ्यांतच होते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

मी नांदेडला शाळेत शिकवते. माय चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. वडील गेल्यावर मी तिला शंभरदा म्हणाले असेन, चल नांदेडला. तिचं एकच उत्तर, "तुझ्या त्या डबीत मला न्हायला होत न्हाई." डबी म्हणजे माझ्या फ्लॅटचं बाथरूम. गावात तिची स्वतःची न्हाणी आहे. परसात तीन बाजूंनी शहाबादी फरश्या उभ्या पुरलेल्या, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा, आणि वर काही नाही. सकाळी बादली उन्हात ठेवायची, शेजारणीशी दोन गोष्टी करून यायच्या आणि अकराच्या सुमाराला पाणी कोमट झालं की निवांत न्हायचं. गावातल्या कितीतरी बाया अशाच न्हातात. वर बघायला आहे कोण, कावळे?

तिच्या लहानपणी तिच्या वस्तीतल्या बायांना न्हायला आडोसाच नव्हता. ओढ्यावर जायचं, अंगावरच्या लुगड्यासकट पाणी ओतून घ्यायचं आणि तसंच ओलेत्यानं घरी यायचं. त्यामुळे या तीन फरश्यांचा तिला केवढा दिमाख होता म्हणून सांगू!

पहिलं ड्रोन आलं ते गावठाणाच्या मोजणीला. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला की आपापल्या जागेच्या चारी बाजूंनी चुन्याची फक्की टाका, वरून फोटो निघणार, मग घराचा कागद तुमच्या नावानं मिळणार. मायच्या नावानं आयुष्यात कुठल्या जमिनीचा कागद नव्हता. तिनं घमेलं घेतलं आणि कंबरेत वाकून स्वतःच्या हातानं फक्की टाकली. घराभोवती एक रेघ आणि न्हाणीभोवती आणखी एक. "न्हाणी सुटायला नको," म्हणाली. ड्रोन डोक्यावर आलं तशी पदर सावरून अंगणात मधोमध जाऊन उभी राहिली. रात्री मला फोन केला, "मी बी आले बरं का फोटूत!" मी खूप हसले. कागद काही आला नाही. विचारलं की येईल, येईल म्हणायचे.

दुसरं ड्रोन आलं परीक्षेला. गावची शाळा आमच्या परसाला लागून आहे आणि तिथं दहावीचं केंद्र असतं. कॉपी पकडायला यंदा केंद्रावर ड्रोन फिरवणार, असा वरून हुकूम होता. आता कॉपी होते, मी मास्तरीण आहे, मी कशाला नाकारू? भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणारे मामे-काके मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यामुळे मला हुकूम बरोबरच वाटला. पेपरच्या दिवशी दुपारी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका साहेबांनी क्लिप टाकली. खाली लिहिलेलं, ‘ड्रोनची करडी नजर’. शाळेचे पत्रे, कडुलिंब, विहारावरचा झेंडा. अगं बाई, हे तर आपलं गाव! मी मधल्या सुट्टीत होते, हातात डबा होता. क्लिप पुरती न बघताच भावकीच्या ग्रुपवर ढकलली आणि वर लिहिलं, "ओळखा पाहू!"

थोड्या वेळानं चुलत बहिणीचा फोन आला. "ताई, ते काढ आधी. खाली कोपऱ्यात बघ. काकू हाय."

बघितलं. ड्रोन शाळेवरून सरकत आमच्या परसावर येतं आणि तिथं थांबतं. निघून जात नाही, थांबतं. तीन फरश्यांच्या आत माय बसलेली, डोक्याला साबण, अंगावर काही नाही. ती वर बघते आणि एक हात उचलून हलवते. मग ड्रोन सावकाश शाळेकडं वळतं. मी क्लिप सगळ्यांसाठी डिलीट केली, पण तोवर ती गावात कुणाकुणाच्या फोनवर जाऊन बसली होती. पानटपरीवर बाप्ये खिदळत होते म्हणे, म्हातारी टाटा करून राहिली बघा! यातल्या निम्म्यांना मायनं कडेवर खेळवलंय. थू त्यांच्या जिनगानीवर.

संध्याकाळी मी गाव गाठलं. माय चुलीपुढं बसली होती, केस तसेच साबणानं चिकट. अर्ध्यातच उठली होती ती. "टाटा कशाला करू मी?" म्हणाली. "मला वाटलं मोजणीवाला परत आला. कागद राहिलाय न्हवं आपला? थांब म्हणलं बाबा, लुगडं गुंडाळून येते."

मला रडूही येईना, इतका संताप झाला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी लातूर गाठलं. कुठल्या कचेरीत गेले ते सांगत नाही, त्यांची दारं सारखीच असतात. साहेब माझ्याशी गोड बोलले, त्याची मला जास्त किळस आली. म्हणाले, "मॅडम, एवढ्या उंचीवरून चेहरा कुठं ओळखू येतो?" मी म्हटलं, "गाव ओळखून हसून राहिलंय." तर म्हणाले, "म्हातारं माणूस आहे हो, कोण बघतंय?" काय बेशरमपणा! म्हणजे बाई म्हातारी झाली की तिचं अंग गायरान झालं, कुणीही यावं न् फिरून जावं. ते ड्रोन तिथं थांबवलं कुणी, असं विचारलं तर म्हणे वाऱ्यानं थांबलं असेल. वाऱ्यानं कधी काही थांबतं का हो? शेवटी म्हणाले, अर्ज द्या, पण क्लिपमधली व्यक्ती आपणच आहोत, हे तुमच्या आईंनी स्वतः येऊन सांगावं लागेल.

मी मायला म्हटलं, जायला नको. ती म्हणाली, "मी कामून लपू?" इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून निघाली.

कचेरीत भिंतीवर मोठा टीव्ही होता. खोलीत चार बाप्ये, एकाच्या हातात चहा. ऑपरेटरनं क्लिप लावली, नेमकी तिथं थांबवली आणि मोठी केली. त्याला शोधावंसुद्धा लागलं नाही. "ह्याच का त्या?" त्यानं विचारलं मला, मायला नाही. माझी मान खाली गेली. माय मात्र टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, नीट बघितलं आणि म्हणाली, "हाव. मीच हाय."

चहा पिणाऱ्यानं कप खाली ठेवला. साहेब म्हणाले, हे परीक्षेचं रेकॉर्ड आहे, लगेच काढता येणार नाही, वर विचारावं लागेल. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "आमच्या ग्रुपवर फक्त शिक्षक आहेत, मॅडम. गावात कुणी पसरवली, ते आधी बघा." मायसमोर म्हणाले.

मायनं टीव्हीवर बोट ठेवलं. "साहेब, फरश्या किती साफ दिसून राहिल्या. ही न्हाणी माझ्या जागेत हाय, हे बी दिसलं असंल. मंग माझा कागद कधी द्यायचा?"

"ते खातं वेगळं, आजी," साहेब म्हणाले.

आजी म्हणाला मेला! तिला तसं टीव्हीवर टांगून ठेवून वर आजी!

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. चाकूर जवळ आलं तसं मला राहवेना. म्हटलं, "माय, भावकीत ते मीच पाठवलं होतं. मी नीट बघितलं नव्हतं गं."

"ठावं हाय मला. तू काढायच्या आधीच शेजारच्या सूनबाईनं दाखवलं, धाडणाऱ्याच्या जागी तुझा फोटू होता." मग म्हणाली, "तुला मी दिसलेच न्हाई कोपऱ्यात. त्या साहेबांना दिसले होते, तरी बी धाडलं." एवढं बोलून तिनं पिशवीतला पेरू काढून मला दिला. तो मी हातातच धरून बसले.

मी न्हाणीवर टाकायला पत्रे आणवले. तिनं मिस्त्रीला अंगणातूनच माघारी लावलं. "ऊन आत यायला पायजे. आन् त्यांनी डोकवायचं, छप्पर मी घालायचं, हा कुठला कायदा?" मला वाटलं, चला, माय सावरली. किती खुळी मी! चार दिवसांनी चुलत बहिणीनं सांगितलं की काकू आता घरातच कोपऱ्यात बसून हातपाय धुते, डोक्यावरून न्हातच नाही. न्हाणीत सरपण रचलंय.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. कागदही नाही. मी महिन्यातून एकदा गावी जाते, तेव्हा सरपण बाहेर काढते, बादली उन्हात ठेवते. पाणी तापलं की माय आत जाते आणि मी लुगड्याच्या पडद्याला पाठ लावून उभी राहते.

"वर बघ," ती आतून म्हणते.

पहिला तांब्या अंगावर पडेपर्यंत बराच वेळ जातो. "बघून राहिलीस न्हवं?"

"हाव माय," मी म्हणते, आणि मान दुखेपर्यंत आभाळाकडं बघत राहते.