मूर्तीवर शिंपडलेलं पाणी

मी वाकून गणपतीची मूर्ती उचलणार, तेवढ्यात घरातल्या वहिनींनी विचारलं, ‘तुमची वाडी कोणती हो?’

मी सांगितलं. कोकणात एवढं पुरतं, जात वेगळी विचारावी लागत नाही. वहिनीही रत्नागिरीकडच्याच.

‘तू नको हात लावूस. बाहेर बस.’ ‘तुम्ही’चं ‘तू’ एका दमात झालं.

कुवेतमधल्या सालमियातला त्यांचा फ्लॅट. मखर मी केलेलं. तिथल्याच शुवैख भागातल्या वर्कशॉपमध्ये मी सुतारकाम करतो. चार शुक्रवारांची सुट्टी त्या मखरात घातली होती, हौसेनं. आता चपलांच्या रॅकशेजारी बसलो. अंगाची लाही लाही झाली. तरी बसलो, याची आज जास्त लाज वाटते.

त्यांची बारा वर्षांची मुलगी तिथंच शाळेचा प्रोजेक्ट पाठ करत होती. रोमच्या जुन्या देवांचा. मी विचारलं तर सांगायला लागली, ‘अंकल, तिथे मोठे पुजारी सगळे बिग फॅमिलीजचे असायचे. मग स्लेव्ह्ज लोक फॉरेन गॉड्सकडे गेले. इजिप्तची देवी, पर्शियाचा देव. तिकडे सगळे एकत्र बसून जेवायचे.’

मला बाबा आठवले. आमची निम्मी वाडी केव्हाच बुद्धाकडे गेली, बाबा गेले नाहीत. ‘आपला देव का सोडायचा?’ म्हणतात. शिमग्यात देवाची पालखी आमच्या वाडीच्या बांधावरूनच माघारी वळायची. बाबा तिथं हात जोडून उभे असायचे.

आत ओरडा झाला. वहिनींच्या नवऱ्यानं, साहेबांनी, मूर्ती मखरातल्या फळीच्या पार कडेला ठेवली होती. फळी कलली. ‘अरे, धर, धर!’ त्यांनी मलाच हाक मारली. मी धावलो. दोन्ही हातांनी मूर्ती सावरली, नीट मागे सरकवली.

वहिनींनी तांब्या घेतला आणि मी धरलं होतं नेमकं तिथं पाणी शिंपडलं. माझ्यासमोर.

साहेब प्रसाद पुढे करत म्हणाले, ‘मनावर घेऊ नकोस रे. रीत असते.’

‘ज्या देवाजवळ जायला तुमची परवानगी लागते, तो देव मला नको.’ प्रसाद घेतला नाही.

जिन्यातूनच गावी चुलतभावाला फोन लावला. विहाराचं तोच बघतो. ‘सुट्टीवर येतोय. दीक्षा घ्यायची आहे. तारीख ठरव.’

‘आणि काका?’

बाबा चिडतील. चिडू देत. हात जोडून मी म्हातारा होणार नाही.