पोपटाचा अभ्रा

चाळिशीत मला समुद्र ओलांडायचा होता. नव्वदचं दशक निम्मं सरलेलं, यांच्या बँकेतल्या बदलीने आम्ही सुरतेत आलेलो, आणि मी कुठल्याशा मासिकात शिडाच्या बोटीने जग फिरणाऱ्या एका बाईबद्दल वाचलं. बायकांनी दुपारी झोपावं, मासिकं वाचू नयेत. हे म्हणाले, "तुला इथलं जवळचं पलसाणा यायच्या आत बसमध्ये उलटी होते." मी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तापीच्या मुखाजवळच्या मगदल्ला बंदरावर गेले.

तिथे एक म्हातारे तांडेल होते. जन्मभर शिडाची गलबतं हाकलेली, आता छोटी होडी तेवढी उरलेली. दिवाळीनंतर ते पुतण्याच्या गलबतातून आखात ओलांडून दीवला निघणार होते. मलाही न्यायला तयार झाले, पण आधी मी होडी शिकून ती एकटीने पलीकडच्या काठाला नेऊन परत आणायची.

तापीचं ते पाणी! कारखान्यातून सुटेल तो रंग, त्यावर फेस, फेसात फुगलेली घूस. ओहोटीला उघडा पडणारा चिखल नासक्या अंड्यासारखा घाणायचा. आणि मी? पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट, नाकावर गच्च ओढणी. तांडेल सांगत, वारा गालावर ओळखायचा. गाल ओढणीत, वारा कळणार कसा? शिडाचा आडवा वासा रोज एकदा डोक्यात बसायचा. ओढणी सोडायला मला महिना लागला. तोंड मात्र पहिल्या दिवसापासून सुटलेलं. नदीला आई म्हणायचं आणि तिच्या अंगावर उकिरडा ओतायचा, कसली ही माणसं, हे मी तांडेलांना रोज ऐकवायची. ते विडी ओढत ऐकून घेत.

परीक्षेच्या दिवशी गौरी-गणपती होऊन पंधरवडा झाला होता. पलीकडे छान पोचले, वळलेही. मधोमध आल्यावर सुकाणू हलेना. ओहोटी लागली होती. तिने होडी ढकलत नेऊन अलीकडच्या काठाच्या चिखलात रुतवली. मी वाकून हात घातला आणि सुकाणवात अडकलेलं एक टम्म फुगलेलं गाठोडं ओढून काढलं. ते उसवलं. काळी पडलेली केळी, बुळबुळीत दूर्वा, कुजलेलं खोबरं, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी माझ्याच बुटांवर ओकले.

तोंड पुसताना पोपट दिसला. मानेत वाकडा, एका डोळ्याचा. लग्नाआधी मीच अभ्र्यावर भरलेला; दुसरा डोळा राहिला तो राहिलाच. देवाचं कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सगळं निर्माल्य त्या अभ्र्यात घट्ट बांधून, यांच्या स्कूटरवर मागे बसून मी ते पुलावरून तापीत सोडलं होतं. वर हातही जोडले होते.

तांडेल गुडघाभर चिखलातून आले. गाठोड्याकडे पाहून म्हणाले, "आ कोनुं छे?"

कुणाचं तरी, म्हणता आलं असतं. आपलं म्हणावं तर महिनाभराची बडबड तोंडावर येणार, आणि दीव जाणार.

"माझं," मी म्हणाले. "अभ्रा माझा आहे."

ते हसले नाहीत. विडी थुंकून म्हणाले, "परीक्षेत नापास, बेन. पण दर्यात सगळे ओकतात अने कोई कबूल नथी करतुं. तुम्ही चला. फक्त हे पाण्यात परत नाही."

दीवला मी गेले. वाटेतलं ओकणं सांगत बसत नाही. त्या दिवशी मात्र अभ्रा मांडीवर घेऊन सिटी बसने घरी आले. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.