निळी स्कूटर मीच निवडली होती

मैत्रिणींनो, आज दुपारी नातीबरोबर नगरला स्कूटर बघायला गेले होते. तिला दोन आवडल्या. "आजी, यातली कुठली घेऊ, तूच सांग," ती म्हणाली आणि मी उठून शोरूमबाहेर आले.

बहात्तरच्या दुष्काळात माझे यजमान पारनेरकडे रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते. रोज जायला-यायला जुनी स्कूटर घ्यायचं ठरलं. गॅरेजात दोन उभ्या होत्या. एक करडी, मोठ्या चाकांची. दुसरी निळी, लहान चाकांची. मला निळी आवडली.

"मग हीच घेऊ," ते हसून म्हणाले.

महिन्याभरात ती खडीवरून घसरली आणि ते गेले. भेटायला आलेला मेकॅनिक सहज बोलून गेला, "मोठ्या चाकाची आसती तर सावरली आसती, बाई." पन्नास वर्षं ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

आज शोरूमबाहेरच्या बाकावर बसून नातीला पहिल्यांदाच हे सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आजी, पण आजोबांना कुठली आवडली होती?"

मी त्यांना विचारलंच नव्हतं.

स्कूटर न घेताच आम्ही परत आलो. तुमच्या आवडीला हसून हो म्हणणारं माणूस घरात असेल, तर आज त्याला एवढं विचाराल का?