घंगाळावरचं नाव

त्या घंगाळाची आठवण निघाली की आजही माझं डोकं भणभणतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. आरोपी हाती लागला, कबुली मिळाली, मुद्देमाल जप्त झाला की मी शांत झोपायचो. या प्रकरणात हे सगळं मिळालं, आणि तरी गुन्हा कुठं आहे तेच मला कळेना.

निवृत्ती जवळ आली होती. धुळे जिल्ह्यात साक्रीकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके दिवशी वरिष्ठ कार्यालयातून एक अर्ज चौकशीसाठी आला. अर्जदार पुण्याचे एक गृहस्थ, जुन्या तांब्या-पितळेच्या वस्तू जमवणारे. त्यांनी ऑनलाइन लिलावात आमच्या हद्दीतल्या एका मुलीकडून आंघोळीच्या पाण्याचं मोठं पितळी घंगाळ घेतलं होतं. वर्णनात तिनं लिहिलं होतं, 'एकाच घरात चार-पाच पिढ्या वापरलेलं, काठावर मूळ मालकिणीचं नाव आणि साल कोरलेलं.' साल शंभर वर्षांच्याही मागचं. गृहस्थांनी ते जाणकाराला दाखवलं, तर तो म्हणाला, पत्रा यंत्रावरचा आहे, भांडं फार तर तीस-चाळीस वर्षांचं. म्हणजे साल खोटं. संघटितपणे फसवणूक चालते, गुन्हा नोंदवा, अशी मागणी होती.

मुलीचं नाव वाचलं आणि मी टेबलावरचा दुसरा ट्रे ओढला. तिचाच कागद तिथं पडून होता. आरोग्यसेविका म्हणून तिची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याकडे आली होती. वयोमर्यादेत बसणारी ही तिची शेवटची भरती. गुन्हा नोंदवला तर शेऱ्यात तसं लिहावं लागणार आणि नोकरी गेल्यातच जमा. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला उगाचच राग आला. कुणाचा, ते तेव्हाही ठरलं नाही.

त्याच आठवड्यात खबर मिळाली. बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानदारानं सांगितलं, "साहेब, आठवडे बाजारात भांड्यांवर नावं घालणारा एक म्हातारा बसतो. कोऱ्या भांड्यावर जुनी सालं घालून देतो. मी डोळ्यांनी पाहिलंय." मला वाटलं, झालं काम. मुलगी विकते, म्हातारा सालं घालतो. कुठं पाणी मुरतंय ते समजलं.

म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं. त्याला सगळे नाना म्हणत. छिन्नी, हातोडी पिशवीत घेऊनच आला. चौकशीचा माझा एक ठरलेला रिवाज होता. समोरच्याला बसवायचं, चहा द्यायचा आणि बराच वेळ काहीच विचारायचं नाही. अपराधी माणूस त्या शांततेत चुळबुळ करतो. नानानं चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला. शेवटी मीच विचारलं, "नव्या भांड्यावर जुनं साल तू घालतोस?"

"हां सायेब, मीच घालस," तो म्हणाला. "बठ्ठा लोके घाली लेतस. त्यामा काय?"

सगळेच घालून घेतात म्हणे! मी चक्रावलो. इतकी सरळ कबुली मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. लोक चोरलेलं पाकीट हातात असताना नाही म्हणतात. मी आवाज चढवला, "अरे, हा गुन्हा आहे."

"नाव घालानं गुन्हा शे?" त्यानं खरोखर विचारलं. माझ्या हवालदारानं तोंड फिरवलं, बहुधा हसू लपवायला. मी हवालदाराला बाहेर काढलं. नानाचा जबाब लिहिला, तोही असा की वाचणाऱ्याला वाटावं, आरोपी पोलिसांची चौकशी करतोय.

मग मुलीचा जबाब. महिला पोलीस सोबत होत्या. मुलगी नीटस, उत्तरं मोजकी, पण हातातली ओढणी पिळून पिळून दोरी झालेली. "साहेब, साल त्या भांड्यावरच होतं. मी वाचलं आणि लिहिलं. घरातलं सगळ्यात जुनं म्हणून काकूनं स्वतः दिलं."

"नानाला ओळखतेस?"

"हो. आमच्या घरची नावं तेच घालतात."

"घंगाळावरचं नाव त्यानं घातलं?"

"ते मला नाही माहीत, साहेब. माझ्या आठवणीत ते नाव आहेच." मग तिनं विचारलं, "माझी पडताळणी थांबेल का?" मी म्हणालो, चौकशी चालू आहे. हे आमचं नेहमीचं उत्तर आहे आणि ते ऐकून आजवर कुणाला बरं वाटलेलं नाही. तिला रडू फुटलं. मला तिची कणव आली आणि संशयही तसाच राहिला. दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवणं फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन मी तिच्या गावी गेलो. घर साधं, सिमेंटचं, पुढं पत्र्याची पडवी. मुलीला लहानपणापासून सांभाळणारी तिची काकू घरी होती. गाव तिला अक्का म्हणायचं. माझ्या डोक्यात झडतीचा विचार होता. कोरी भांडी, छिन्न्या, काहीतरी सापडेल. अक्कानं आधी पाणी आणलं. "पानी प्या सायेब, मंग काय पाहानं ते पाहा."

तांब्या स्टीलचा होता, इतका नवा की त्यात माझा त्रासलेला चेहरा दिसत होता. उचलताना अंगठ्याला अक्षरं लागली. मी तांब्या खिडकीकडे धरला. घंगाळावरच्याच बाईचं नाव आणि तेच शंभर वर्षांच्या मागचं साल. स्टीलच्या तांब्यावर! मी तो पंचांना दाखवला. त्यांनी पाहिलं आणि पाणी पिऊन टाकलं. त्यांना त्यात नवल वाटलंच नव्हतं.

इथं माझी गाडी अडली. फसवणारा माणूस स्टीलवर जुनं साल घालून काय मिळवणार? आणि तेही घरात पाणी प्यायच्या तांब्यावर, पोलिसाच्याच हातात देऊन?

"अक्का, हे नाव कुणाचं?"

"आम्हनी मोठी मायनं. या घरमा पहिली सून तीच उनी."

"ती सून म्हणून आली तेव्हा स्टील होतं?"

अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेड्यासारखं बोललो होतो. "भांडं फुटस, घासाई जास. नाव कसं टाकी देवानं? घंगाळ जावानं व्हतं, म्हनीसन नाव आठे आनं."

हळूहळू उलगडत गेलं. घरातलं एखादं भांडं मोडीत जायचं असलं की आधी त्यावरचं नाव आणि साल जसंच्या तसं दुसऱ्या भांड्यावर घालून घ्यायचं. मगच जुनं भांडं घराबाहेर काढायचं. त्या भागातल्या पुष्कळ घरांत असं करतात म्हणे. घंगाळाच्या आधी हंडा होता. हंडा फुटला, नाव घंगाळावर आलं. मी विचारलं, हंड्याच्या आधी काय होतं? "ते मन्ही सासूले ठाऊक," अक्का म्हणाली. सासू वारून जमाना झाला होता.

आजवर जुनी भांडी मोडीत जायची, भट्टीत वितळायची आणि त्यांच्यावरचं नाव त्यांच्यासोबत संपायचं. या वेळी भांडं वितळलं नाही, पुण्याला गेलं, अंगावरच्या नावासकट. अक्काच्या हिशेबी घंगाळावरचं नाव केव्हाच निघून आलं होतं, तिथं राहिले होते ते नुसते ओरखडे. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. मोडीत भांडी देऊन नवी घेण्याची कामं बायका परस्पर उरकायच्या, ती आधी शिकायला वसतिगृहात, मग भरतीच्या तयारीला बाहेरगावी असायची.

झडती न घेता मी परत आलो. अर्जदारांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, पोलीस मॅनेज झाले. दोन दिवसांत ते घंगाळ गाडीत घालून ठाण्यात हजर. गृहस्थ वाईट नव्हते, दुखावलेले होते. मी अक्काला आणि मुलीला बोलावलं. टेबलावर एका बाजूला घंगाळ, दुसऱ्या बाजूला तांब्या.

"यातलं खरं जुनं कोणतं?" गृहस्थांनी विचारलं.

"हाऊ तांब्या," अक्का म्हणाली.

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. 

"मग हे घंगाळ काय आहे, बाई?"

"ते आते तुमनं शे. नाव आम्हनं." मग तिनं मुलीला सांगितलं की माणसाचं मन मानत नसेल तर घंगाळ परत घे आणि त्यांचे पैसे त्यांना देऊन टाक. "आनि नानाकडथीन नाव खोडी ले. एक नाव दोन जागे नको. मन्हं चुकनं. पोरीले काय ठाऊक?"

गृहस्थांनी त्या तांब्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "साहेब, मला हे अजूनही पटत नाही. पण ही मुलगी खोटं बोलली असं मी म्हणू शकत नाही." तसा जबाब त्यांनी सहीनिशी दिला. फसवणुकीचा हेतू दिसत नाही, असा अहवाल लिहून मी अर्ज निकाली काढला. वर्णन मात्र चुकीचंच होतं, तेही अहवालात लिहिलं. जाताना मुलीनं मला विचारलं, "साहेब, मग मी खरं काय लिहायला हवं होतं?"  

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात. एवढंच म्हणेन की माणूस चुकीचं सांगतो तेव्हा तो खोटंच सांगतो असं नाही, आणि चौकशी करणाऱ्यानं आपलं मत ठरवायच्या आधी समोरच्याच्या घरचं पाणी प्यावं. यापलीकडं मला नीट कळलंय असा माझा दावा नाही.

मुलीच्या पडताळणीचा कागद सहीसाठी आला तो दिवस मात्र लख्ख आठवतो. कागद घेऊन आलेला शिपाई नुकताच बदलून आमच्याकडे आला होता. मी पेन उचललं आणि त्याच्या छातीवरचा बक्कल नंबर दिसला. मी शिपाई म्हणून याच जिल्ह्यात भरती झालो, तेव्हा तो नंबर माझा होता. फौजदार झालो तेव्हा जमा केला होता.

"हा नंबर कधी मिळाला?" मी विचारलं.

"भरती झालो तेव्हाच, साहेब. आधी कुणाचा तरी होता म्हणतात."

"माझा होता."

तो गडबडला, नंबरावर हात ठेवून उभा राहिला.  मी कागदावर 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं, सही केली आणि त्याला म्हणालो, "आजच्या आज पाठव. पोरीला रुजू व्हायचंय."