बुद्धी ठिकाणावर नसलेला इसम

आमच्या घरात समोरच्याचं बोलणं मध्येच तोडलं नाही, तर तुमचं काहीतरी बिनसलंय असं समजतात. आईचं वाक्य बाबा पुरं करणार, बाबांचं मी, आणि माझं शेजारच्या काकू. अशा घरातली मुलगी स्पीच थेरपिस्ट झाली आणि आयर्लंडमध्ये जाऊन दिवसभर गप्प बसायची नोकरी करते, याचं पुण्यात अजून सगळ्यांना हसू येतं.

तिथल्या नावन नावाच्या गावातल्या एका केअर सेंटरमध्ये मी काम करते. तिथे एक पासष्टीचे गृहस्थ होते. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे, कारण खोडसाळपणा थेट माझ्या मधल्या काकांचा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेला, त्यामुळे हात, पाय, जीभ काहीच ताब्यात नाही. ताब्यात होते ते फक्त डोळे. आमच्या दोघांच्या मध्ये मी अक्षरांचा पारदर्शक बोर्ड धरायचे. ते एकेका अक्षराकडे बघायचे आणि मी ते अक्षर मोठ्याने म्हणायचे. वर पाहिलं की ‘हो’, डोळे मिटले की ‘नाही’. एक वाक्य व्हायला पाच मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

एकदा त्यांनी ‘चहा’ एवढंच केलं आणि मी उठलेच चहा आणायला. कप घेऊन परत आले, बोर्ड धरला, तर उरलेलं वाक्य आलं. इथला चहा गटारात ओतायच्या लायकीचा आहे आणि तू घाई फार करतेस. मी खजील झाले आणि तो कप मीच प्यायले. काकांचं म्हणणं खरं होतं.

मग एक दिवस त्यांनी विचारलं, माझी फाईल वाचलीस का? वाचली होती. काका तिशीत असताना त्यांचे वडील गेले, थोडी शेती नावावर आली, आणि हा माणूस ती सांभाळणार कशी म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. कायदा दीडशे वर्षांपूर्वीचा, आयर्लंडवर इंग्रज राज्य करत होते तेव्हाचा. एका डॉक्टरने एक पान लिहिलं आणि त्यावरून कोर्टाने ठरवलं की या इसमाची बुद्धी ठिकाणावर नाही. तेव्हापासून कुठे राहायचं, कशावर सही करायची, सगळं कोर्ट ठरवणार. वाचून माझं डोकं फिरलं होतं. ज्याने एका कपावरून माझी अशी बिनपाण्याने केली, त्याची बुद्धी ठिकाणावर नाही?

त्या सुमारास नवा कायदा लागू झाला होता. तो म्हणत होता की हे असले जुने शब्द यापुढे कोणालाही चिकटवायचे नाहीत, प्रत्येक माणसाला समजतं असंच धरून चालायचं, आणि ज्यांना पूर्वी चिकटवलेत त्या एकेकाचं प्रकरण कोर्टाने पुन्हा उघडायचं. मी ते तीन-तीनदा वाचलं. सरकार नवीन काहीतरी लादतं हे मला माहीत होतं. सरकार आपला शब्द मागे घेतं, तोही दीडशे वर्षांनी, आणि त्यासाठी नावन गावातल्या व्हीलचेअरवरच्या माणसापर्यंत येतं, याने मी थक्क झाले.

काकांना एवढंच हवं होतं. ते शब्द आपल्यावरून जायला हवेत. दुसऱ्या एका थेरपिस्टने स्वतः बोर्ड धरून त्यांना तपासलं, डॉक्टरांनीही तपासलं. सुनावणीला बोर्ड मात्र मी धरायचा होता. वकीलबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, ‘तू एक शब्द जरी स्वतःहून पुरा केलास, तर उत्तर त्यांचं राहणार नाही.’ माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

सुनावणी व्हिडिओवर होती, आमच्या भेटीच्या खोलीत. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ‘आज आपण कशासाठी जमलोय, तुम्हाला माहीत आहे का?’ काकांनी सुरुवात केली. मान हलायची, नजर निसटायची, परत पहिल्यापासून. पहिला शब्द होताच पुढचं सगळं मला कळलं होतं. मी दात ओठात रुतवून अक्षरं म्हणत राहिले. मध्ये एकदा पडद्याकडे पाहिलं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. घड्याळाकडे नाही, कागदाकडे नाही, त्या फक्त काकांकडे बघत होत्या. एका देशाचं कोर्ट एका माणसाच्या एका वाक्यासाठी थांबलं होतं. स्वतःचं काही न बोलता मी देवळातसुद्धा इतका वेळ कधी उभी राहिले नव्हते.

उत्तर आलं, ‘मला कळत नाही असं तुम्ही लिहिलंय. ते काढायला.’

आणखी तासभर प्रश्न झाले. मग न्यायाधीशबाईंनी आदेश दिला. जुना निकाल रद्द, आपले निर्णय घ्यायला हे गृहस्थ समर्थ आहेत. शेवटी विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का?

काका म्हणाले, ‘ते कधी खरं होतं का?’

बाई जुनी पानं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्या डॉक्टरांनी तुम्हाला एकही प्रश्न विचारल्याची नोंद इथे नाही. नाही. ते खरं नव्हतं.’

काकांनी पुन्हा बोर्ड मागितला. ‘आईला सांगायचं राहिलं.’

त्यांची आई दर रविवारी यायची, हे नंतर त्यांनीच मला सांगितलं. कोर्टाचा कागद आल्यानंतर ती त्यांच्याशी बोलायची थांबली. शेजारी बसून नर्सशी त्यांच्याबद्दल बोलायची. अशीच दहा वर्षं ती येत राहिली आणि मग वारली.

शनिवारी आम्ही तिच्या थडग्यापाशी गेलो. वारा इतका की व्हीलचेअरला ब्रेक लावूनही मी पाय आडवा ठेवला होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे आदेश वाचला, वरच्या क्रमांकापासून खालच्या सहीपर्यंत. वाचताना माझा आवाज पार बसला. संपल्यावर त्यांनी डोळ्यांनीच बोर्डाकडे खूण केली. मी तो घट्ट धरला आणि एकेक अक्षर म्हणत गेले.

‘मोठ्याने वाच. तिला कमी ऐकू यायचं.’