जानव्याला बांधलेली चावी

माझी गाडी सत्तावीस वर्षांची आहे. तिला स्क्रीन नाही, कॅमेरा नाही. काचा हाताने फिरवायच्या, आणि डावीकडची वर घेताना तळव्याने आधार द्यायचा. थंडीत चोक ओढल्याशिवाय ती उठत नाही. पण बिघडली तर देवासचा कुठलाही मिस्त्री बॉनेट उघडून नेमकं बोट ठेवतो. माझा तिच्यावर जीव आहे, आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

मुलाने आणि सुनेने मात्र ठरवलं होतं, आता पुरे. रविवारी लोहारद्याहून एक जण ती विकत न्यायला येणार होता. मी हो म्हणून बसलो होतो, पण जेवण गोड लागत नव्हतं. माझा रुसवा काढायला मुलगा म्हणाला, "बाबा, शनिवारी माझ्या नव्या गाडीतून नेमावरला जाऊ. नर्मदेत स्नान करून येऊ." सुनेला काम होतं, ती घरीच राहिली.

नवी गाडी वाटभर बोलत होती. पट्टा लावा, रेषेत चला, दमलात, थांबा. इतक्या सूचना कारखान्यात तीस वर्षांत मला कुणी दिल्या नव्हत्या.

घाटावर मुलगा चावी माझ्याकडे देऊन नारळ आणायला गेला. पाण्यात उतरताना चावी जानव्याला बांधायची, ही माझी जुनी सवय. वडील कपाटाची किल्ली तशीच बांधत. म्हणजे काठावर ठेवलेल्या कपड्यांची काळजी नको. मी गाठ मारली आणि "नर्मदे हर" म्हणत तीन बुड्या घेतल्या.

परत आलो तर दार उघडेना. मुलाने चावीच्या पोटातून एक बारीक किल्ली काढून दार उघडलं, तशी गाडी बोंबलायला लागली. स्क्रीनवर अक्षरं आली, चावी सापडत नाही. ती तर मुलाच्या हातात पाण्याने निथळत होती!

एक नावाडी धावत आला. "भिया, धक्का लगाऊँ क्या?"

"धक्क्याने नाही होत ही," मुलगा म्हणाला. नावाड्याला गाडीची कीव आली. मला हसू फुटत होतं, पण मुलाचा चेहरा पाहून ओशाळलो. चूक गाडीची नव्हती, माझीच होती.

"बाबा, जानव्याला?" एवढंच तो म्हणाला.

दुसरी चावी देवासला, घरी. ती घेऊन यायला सुनेपाशी माझीच गाडी होती, आणि ती तिने कधी चालवली नव्हती. "चोक अर्धाच ओढ, घाई करू नकोस," मी फोनवर सांगितलं आणि मग घाटावर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. वाटेत बंद पडली तर पोर एकटी काय करील?

ऊन उतरताना गाडी आली. सुनेच्या केसांत धूळ, आणि चेहरा फुललेला. "बाबा, चढ संपला आणि बंद पडली! मग उतारावर सोडली, दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला, की चालू! मी केली!"

"कुणी शिकवलं?"

"तुम्ही शेजारच्या काकांना सांगत असता ना. ऐकून ऐकून."

नवऱ्याच्या हातात दुसरी चावी ठेवून तिने तिथूनच लोहारद्याला फोन लावला. "भैया, संडे को मत आना. गाडी नहीं देनी है."

माझे डोळे भरून आले. निघताना मी आपल्या गाडीच्या चावीसाठी हात पुढे केला, तर सून आधीच चालकाच्या जागी बसलेली.

"बाबा, तुम्ही इकडे बसा. धूळ येतेय, डावी काच वर घ्या."

मी बसलो, आणि काचेला तळव्याने आधार दिला.