पोट्ट्यांच्या वाटचा उपास

पंधराशे मीटरच्या मुली रेषेवर उभ्या होत्या आणि मी शिट्टी तोंडाला लावणार, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एरवी स्पर्धेच्या वेळी मी फोन उचलत नाही. शमुवेलच्या बायकोचं, सुमतीवहिनींचं नाव दिसलं म्हणून उचलला. "भाऊजी, हे उठून नाही राह्यले. हलवून पाह्यलं, आवाज देऊन पाह्यला..." शिट्टी सहकाऱ्याच्या हातात देऊन मी तसाच राजूरला निघालो. पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. शमुवेल खाटेवर निजल्यासारखा पडला होता. वहिनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "कालपासून पोटात काही नव्हतं हो यांच्या." कालपासून स्पर्धा चालू होती ना... मग असणार कसं?

शमुवेल कोळशाच्या खाणीत कारकून होता आणि मी कॉलेजात खेळाचा मास्तर. तरुणपणी तो स्वतः चांगला पळायचा. पुढे पाय थकले, पण मैदान सुटलं नाही. ड्युटीवर जाण्याआधी तो रोज पहाटे आमच्या मैदानावर हजर. सराव संपला की ज्यांना हवं ते खेळाडू त्याच्याभोवती बसत, तो बायबलातल्या दोन ओळी वाचे, प्रार्थना करी. बसणाऱ्यांत ख्रिस्ती पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी आपापल्या देवांची. या कामाला तो प्रभूनं दिलेली सेवा म्हणायचा. कबड्डीच्या सामन्याआधी मात्र पोरं वैतागत, कारण तो दोन्ही संघांसाठी प्रार्थना करी. मीही चिडवायचो, "अरे, निदान आपल्या कॉलेजपुरतं तरी माग. तुझा देव देव आहे की पंच?" तो म्हणायचा, "सर, समोरचे पोट्टे बी त्याचेच आहेत ना."

स्पर्धेच्या दिवशी तो उपास धरायचा. शेवटची शर्यत होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. पण खेळाडूंना ताकीद असे. "पळणाऱ्यानं जेवूनच पळाचं. तुमच्या वाटचा उपास माह्याकडे." मग पोरं हसत हसत पोह्यांच्या पातेल्यावर तुटून पडायची. ही ताकीद मी माझ्या कानांनी कितीदा तरी ऐकली आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्याच्यावर नेमका उलटा आळ आला.

झरी जामणीकडची संगीता आमची सगळ्यात चांगली धावपटू. बापानं मोठ्या मिनतवारीनं तिला शिकायला पाठवलेलं. जिल्ह्याच्या निवड चाचणीत शेवटच्या फेरीत ती मुरमावर कोसळली, ओठ फाटला, सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पोर उपाशी आहे. खाटेशी शमुवेल आणि मी दोघंच होतो तेव्हा ती रडत म्हणाली, "दादा, तुम्ही आमच्यासाठी उपाशी राहता, मले घास गिळवलाच नाही. वाटलं, मी बी धरला तं देव लवकर ऐकन." शमुवेलचा चेहरा त्या वेळी जसा झाला, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

गावभर बोभाटा झाला, प्रार्थनावाला पोरींना उपाशी पळवतो. कॉलेजनं त्याला मैदानबंदी केली. त्याच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी 'आपली बदनामी झाली' म्हणून रविवारचं वाचन त्याच्याकडून काढून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता. संगीता स्वतःहून उपाशी राहिली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. त्यानं ते मला बोलू दिलं नाही. "तिनंच केलं म्हणाल तं तिचा बाप उद्या येऊन तिले घेऊन जाईन. मंग ते पोरगी कधीच नाही पळणार."

"आणि तुझं काय?"

"माह्यं देव पाहून घेईन."

मी तरीही प्राचार्यांकडे गेलो. यानं कधी कुणाला उपास सांगितला नाही, म्हणालो. "मग मुलगी उपाशी का होती?" त्यांनी विचारलं. मी खुर्ची सरकवून बाहेर आलो.

त्यानंतर तो फाटकाबाहेर उभा राहायचा. सराव झाला की पोरंच बाहेर जात. पुढे त्याला साखरेचा आजार जडला, डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. मी एकदा ओरडलोच, "ज्याच्यासाठी उपाशी मरतोस, त्याला तुझी साखर दिसत नाही का?" तो हसला. "दिसते ना, सर. म्हणून तं भिऊन नाही राह्यलो."

काय पाहून घेतलं देवानं? दफनाच्या वेळी तेच वडीलधारे म्हणाले, प्रभूनं आपल्या सेवकाला विसाव्याला बोलावलं. कॉलेजनं शोकसभा घेतली ती त्याच मैदानावर. त्याचा फोटो फाटकाच्या आत आला, हार घालून. प्राचार्य 'मैदानाचा सच्चा सेवक' म्हणाले तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटलं. संगीता आता पोलिसात शिपाई आहे. सभा संपल्यावर ती वर्दीतच माझ्यापाशी आली. "सर, आता लिहा. माह्यं नाव घालून लिहा." म्हणून हे लिहितो आहे. त्याची अब्रू शेवटी या पोरीनं राखली, देवानं नाही. कोणी म्हणेल, तिच्या तोंडून देवच बोलला. शमुवेलही तेच म्हणाला असता. मी म्हणणार नाही.

मागच्या आठवड्यात खो-खोचे सामने होते. वहिनींनी सकाळीच सगळ्या संघाला घरी बोलावलं आणि मोठ्या पितळी गंजातून खिचडी वाढली. हात सैल होता, शब्द कडू. "खा पोटभर. या घरात एकानं उपास केला तेवढा पुरे झाला. देवाले सांगतलं मी, आता या घरून काही मांगू नको." पोरं मान खाली घालून जेवली आणि मैदानाकडे गेली. मी म्हणालो, "वहिनी, आता तुम्हीही वाढून घ्या."

त्यांनी गंजावर झाकण ठेवलं. "पोट्टे खेळून येऊ द्या, भाऊजी. मंग पाहू."

शमुवेलच्या देवाचा मला इतका राग त्याच्या दफनाच्या दिवशीही आला नव्हता.